वजन नसलेली वीज

दिल्लीहून आलेलं पत्र जेमतेम दीड ओळीचं होतं. ‘महासागर वीजसंघातून थेट बाहेर पडण्यास पश्चिम विभाग सज्ज आहे’ एवढ्या वाक्याखाली मृण्मयी धायगुडेनं सही करायची आणि चार दिवसांत ते परत धाडायचं.

मृण्मयी वाघेरीच्या वीज नियंत्रण केंद्राची प्रमुख होती. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरावर बांधलेल्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत तिची सव्वीस वर्षं गेली होती. पाच राज्यांची वीज तिथून सांभाळली जायची. तिनं पत्र इक्बाल मुजावरांपुढे सरकवलं. मुजावर तिचे उपप्रमुख, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, मोजकं बोलणारे.

“सज्ज आहे म्हणजे काय, मॅडम?” त्यांनी चष्मा पुसत विचारलं. “मिरजेला जायला मी आत्तासुद्धा सज्ज आहे. पोचेन का, ते गाडीवर आहे.”

“मला सही नाही करता येणार.”

“मग समितीपुढे बोलावतील.”

“बोलावू देत.”

आदल्या वर्षी सार्वमत झालं होतं. संघातून बाहेर पडावं असं शंभरातल्या सत्तावन्न जणांनी सांगितलं, आणि त्या सत्तावन्नांत मृण्मयीही होती. आपल्या दिव्यांचं बटण दुसऱ्या देशात नसावं, असं तिला मनापासून वाटायचं. त्यामुळे बाहेर पडायचं की नाही हा वाद संपला होता. कसं पडायचं यावर मात्र घराघरांत भांडणं लागली. ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला सगळ्या समुद्री तारा तोडा आणि मोकळे व्हा, असं म्हणणारे ते थेटवाले. दोन वर्षं घ्या, एकेक तार सोडा, असं म्हणणारे टप्पेवाले. ठरलेली लग्नं यावरून मोडली, सकाळी एकत्र फिरायला जाणारी म्हातारी माणसं वेगवेगळ्या रस्त्यानं जाऊ लागली. पश्चिम महाराष्ट्रात थेटवाल्यांचा सगळ्यात मोठा आवाज होता शिवतेज धायगुडेचा. तो मृण्मयीचा सख्खा, धाकटा भाऊ.

वाद समजायचा तर आधी ती तार समजायला हवी. पंधरा वर्षांपूर्वी असा एक मिश्रधातू सापडला की बर्फाइतक्या थंडीत त्यातून वीज जाताना काहीच वाया जात नाही. त्याच्या तारा समुद्रतळाशी अंथरल्या गेल्या आणि मलाक्कापासून मोंबासापर्यंत नऊ देश एकमेकांना जोडले गेले. तोच महासागर वीजसंघ. आपल्याकडे दिवस मावळला तरी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोन-अडीच तास ऊन असतं. आपण पहाटेच्या अंधारात असतो तेव्हा मलाक्कात सूर्य वर आलेला असतो. एकाचं ऊन दुसऱ्याच्या कामी येऊ लागलं. आपली कोळशाची केंद्रं बंद झाली, त्यांची अजस्र यंत्रं भंगारात गेली.

घोटाळा तिथंच झाला होता, पण तेव्हा तो कुणाच्या लक्षात आला नाही. वीज तारांतून सेकंदाला पन्नास हेलकावे घेत धावते. हा पन्नासचा आकडा फार ढळला की यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात. कोळशाच्या केंद्रात शेकडो टनांचं चाक फिरत असायचं. कुठं काही बिघडलं तरी ते जड चाक आपल्या वेगानं फिरत राहायचं, आकडा सावकाश घसरायचा, माणसांना सावरायला वेळ मिळायचा. भरलेला ट्रक खड्ड्यातून तसाच पुढं जातो, रिकामी सायकल आडवी होते, तशातलाच हा प्रकार. सौरपट्ट्यांत फिरणारं काहीच नसतं. त्यांची वीज हवी तेवढी मिळते, पण तिला वजन नसतं. ते वजन आता समुद्रापलीकडून येत होतं, ओमान आणि केनियाच्या किनाऱ्यांवर संघानं बसवलेल्या प्रचंड भारचक्रांकडून, म्हणजे नुसत्या फिरत राहणाऱ्या जड चाकांकडून. आपण स्वतःची बावीस भारचक्रं बांधायला घेतली होती. त्यांतली सात फिरत होती.

“आपल्याकडे वीज भरपूर आहे!” असं शिवतेज प्रत्येक सभेत सांगायचा, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

रविवारी ती वेळंब्याला गेली. वाघेरीपासून तासाभरावरचं हे तालुक्याचं गाव, तिचं माहेर. शिवतेजचं तिथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ताटं वाढली गेली तसा तो म्हणाला, “ताई, सही कर आणि मोकळी हो.”

“सात चक्रांवर देश चालत नाही, शिवा. पंधरा अजून व्हायचीत. दोन वर्षं द्या.”

“दोन वर्षांत निवडणूक होईल, सरकार बदलेल आणि बावीसच्या जागी तीस चक्रं लागतील. तुला काय ही माणसं माहीत नाहीत? टप्प्यानं म्हणजे कधीच नाही.”

ही भीती खोटी नव्हती. मृण्मयीनं मान हलवली. तेवढ्यानं त्याला जोर आला.

“आणि त्या दोन वर्षांत कोलंबोवाल्यांनी पुन्हा बावीस एप्रिल केला तर? बाबांसारखी अजून किती माणसं द्यायची?”

शिवतेजची बायको ऋतुजा आमटीचं भांडं उचलून आत निघून गेली.

साडेतीन वर्षांपूर्वीची ती दुपार, सेहेचाळीस अंश. नऊही देशांचा आकडा एकदम घसरू लागला तसा संघाच्या कोलंबोतल्या मुख्य केंद्रानं आदेश काढला : पश्चिम भारताचा काही भाग ताबडतोब तोडा. त्या भागात वेळंबे होतं. पावणेचार तास लाइट नव्हती. एकशे चाळीस माणसं उष्म्यानं गेली आणि त्यांत विश्वनाथ धायगुडे होते, निवृत्त मुख्याध्यापक, मृण्मयी आणि शिवतेजचे वडील. आदेश कोलंबोचा होता, पण तो अमलात आणणारं बटण वाघेरीत होतं. ते मृण्मयीनं दाबलं होतं.

शिवतेजनं त्यावरून तिला एका शब्दानं दुखावलं नाही. तेराव्याला नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली तेव्हा तो सगळ्यांदेखत उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या बहिणीनं नाही मारलं बाबांना. कोलंबोनं मारलं.” त्या वाक्यावर लोक रडले. मग ते वाक्य त्यानं गावच्या चौकात म्हटलं, मग साताऱ्याला, मग कोल्हापूरला. पुढचं सगळं राजकारण त्यातूनच उभं राहिलं.

“समितीत नीट बोल,” निघताना तो गाडीपर्यंत आला. “मी येणारे ऐकायला.”

समितीची बैठक पुण्यात झाली. मृण्मयीनं भारचक्रांचं गणित मांडलं, आलेख दाखवले. सदस्य जांभया देत होते. मग पूर्वी वकिली केलेले एक थेटवाले खासदार माइककडे झुकले.

“मॅडम, संघाच्या आधाराशिवाय आकडा सांभाळता येणार नाही, असं तुमचं म्हणणं. म्हणजे संघ जे करतो ते शहाणपणाचं असतं. मग बावीस एप्रिलला संघानं आपली माणसं अंधारात टाकली, तेही बरोबरच होतं?”

सभागृह जागं झालं. तिसऱ्या रांगेत शिवतेज बसला होता, पांढरा सदरा घालून, हाताची घडी घालून.

मृण्मयीनं त्या दिवसाचं गणित चाळीस वेळा मांडलं होतं. आकडे दर वेळी तेच यायचे. तो भाग तोडला नसता तर दीड मिनिटात नऊच्या नऊ देश बंद पडले असते आणि उभे राहायला दोन दिवस लागले असते. त्या उन्हात, दोन दिवस. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. भावाच्या वाक्याच्या सावलीत तिला बरं वाटत होतं.

“बरोबर होतं,” ती म्हणाली.

“पुन्हा सांगा.”

“तो आदेश बरोबर होता. आला नसता तर मी स्वतःहून तो भाग तोडला असता.”

“तुमचे वडील त्यात…”

“गेले. मला माहीत आहे.”

“आणि उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा तसंच कराल?”

“हो.”

शिवतेज ओरडला नाही. उठला, रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेला आणि मागं न बघता बाहेर पडला. संध्याकाळपर्यंत तिचं ते ‘बरोबर होतं’ देशभर वाजत होतं, मागचं पुढचं कापून.

संसदेत थेटवाल्यांचा कायदा अकरा मतांनी मंजूर झाला. सज्जतेच्या सहीची अट एका दुरुस्तीनं काढून टाकली. दिवस ठरला बावीस एप्रिल, वेळ दुपारी बारा. मृण्मयीनं राजीनामा लिहिला. मुजावरांनी तो वाचून परत तिच्या हातात दिला.

“तुम्ही गेलात तर या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल. त्याला सगळं पहिल्यापासून शिकायला लागेल, आणि तेवढे दिवस नाहीत.”

राजीनामा तिनं पाठवला नाही. त्याऐवजी दोघांनी एक उपाय शोधला. त्या तासाला लोकांनी विजेचा वापर कमी केला तर तेवढ्या सौरपट्ट्या थोपवून ठेवता येतील. आकडा घसरला की त्या क्षणात सोडायच्या. वजन नसलं तरी हाताशी राखीव जोर राहील. तिनं दिल्लीला कळवलं की लोकांना तसं आवाहन करा. उत्तर आलं की अशा आवाहनानं घबराट पसरेल.

अठरा एप्रिलला ती शिवतेजच्या दुकानात गेली. पाच महिने त्यानं तिचा फोन उचलला नव्हता. नोकराला त्यानं चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवलं, पण तिला बस म्हटलं नाही.

“एक तास, शिवा. अकरा चाळीस ते बारा चाळीस. कारखान्यांत, शीतगृहांत, गावोगावी तुझी माणसं आहेत. तेवढा वेळ बंद ठेवा म्हणून सांग. तुझं बघून बाकीच्या राज्यांतले तुमचे लोकही करतील.”

“ज्या तासासाठी चार वर्षं ओरडलो, त्या तासाला अंधार करा म्हणून सांगू? तुझं ऐकून?”

“माझं नको ऐकूस. गणित बघ.”

“गणित!” त्यानं हातातलं बेअरिंग काउंटरवर आपटलं. “समितीतून बाहेर आलो, गाडीत दोन तास बसून होतो मी. चावी फिरवता येईना. त्या दुपारी मी फलटणला लग्नात होतो, ताई. बाबा म्हणाले होते, मलाही घेऊन चल. मी म्हटलं, उन्हात कशाला? घरीच बसा गारव्याला.” त्यानं बेअरिंग पुन्हा उचललं. “बटण तू दाबलंस. घरी मी नव्हतो. दोघांतल्या कुणावरही बोट ठेवलं असतं तर हे घर राहिलं नसतं. म्हणून मी ते कोलंबोवर ठेवलं. आणि तू सगळ्या देशासमोर ते उचलून परत आपल्या दारात आणून टाकलंस.”

“मला तिथं खोटं बोलता येईना.”

“इतकी वर्षं गप्प बसता येत होतं की.”

पत्र्याच्या छपराखाली उकडत होतं आणि पंखा घरघरत होता.

“जा ताई,” तो म्हणाला. “नाही जमायचं.”

बावीस एप्रिलला वाघेरीच्या कक्षात सगळे बारा जण हजर होते. त्या दिवसापुरतं देशाच्या चारही विभागांचं नियंत्रण वाघेरीकडे होतं. भिंतीवरच्या एका पडद्यावर बातम्या होत्या, आवाज बंद करून. गावोगाव मांडव, झेंडे, ढोलपथकं. संघाच्या कोलंबो केंद्रातली अधिकारी निरोशा फोनवर होती. अकरा वर्षं रोज फोनवर बोलूनही दोघींची कधी भेट झाली नव्हती.

अकरा बेचाळीसला मुजावर खुर्चीतून अर्धवट उठले. “मॅडम, वेळंब्याचा वापर खाली येतोय.”

“बिघाड?”

“बिघाड असा हळूहळू येत नाही. कराडचा औद्योगिक भागही उतरला. सांगली बघा. शीतगृहं जातायत.”

मृण्मयीनं बातम्यांचा आवाज वाढवला. वेळंब्याच्या मांडवात शिवतेज माइक दोन्ही हातांनी धरून उभा होता. “…मेन स्विचच बंद करा. कारखान्यातल्या भावांनो, तुम्हीसुद्धा. एक तास. का ते मी नंतर सांगतो, आत्ता करा!” समोर गोंधळ माजला होता. त्याच्या मागून कुणीतरी माइककडे हात घातला, मग चित्रच हललं आणि वाहिनीनं दिल्लीचा सोहळा लावला.

अकरा पंचावन्नपर्यंत अडीच हजार मेगावॉट वापर उतरला. तेवढ्या सौरपट्ट्या तिनं थोपवल्या. मागितलं होतं त्याचा चौथा हिस्साही नव्हता तो, पण हातात काहीतरी होतं.

“तुमच्या बाजूचे खटके उघडा, तारा सोडा,” निरोशा म्हणाली. “आणि जपा, मृण्मयी.”

बाराच्या ठोक्याला तारा सुटल्या. दुपारच्या त्या वेळी समुद्रातून येणंजाणं जवळजवळ शून्य असतं, त्यामुळे काहीच झालं नाही. आकडा पन्नासवर होता. पडद्यावर फुगे उडाले. मंत्रालयातून अभिनंदनाचा फोन आला. कक्षातल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि मृण्मयीचा चेहरा बघून थांबले.

बारा एकोणीसला पूर्वेकडे विजेची एक मोठी वाहिनी बंद पडली. अशा वाहिन्या महिन्यातून एखाददा पडायच्याच, कुणाला कळायचंही नाही. या वेळी आकडा दगडासारखा सुटला. एकोणपन्नास पॉइंट सात. पॉइंट तीन. मृण्मयीनं थोपवलेल्या सगळ्या पट्ट्या सोडल्या. एकोणपन्नासवर आकडा अडला, थरथरला आणि परत उतरू लागला. पूर्व विभाग बाकीच्या देशाला आपल्याबरोबर खाली ओढत होता.

पडद्यावर चौकट आली. ‘पूर्व विभाग तोडायचा? उरलेला वेळ : ११ सेकंद.’

चार राज्यं. तिकडे चव्वेचाळीस अंश होते, सकाळीच तिनं पाहिलं होतं.

“मॅडम,” मुजावर म्हणाले.

पाच सेकंद उरलेले असताना तिनं बटण दाबलं.

आकडा झटक्यात वर आला. पश्चिम, उत्तर, दक्षिण जागेवर राहिले. नकाशाचा पूर्वेकडचा भाग जिल्ह्यामागून जिल्हा काळा होत गेला, आणि मग त्यात काळं व्हायचं काही उरलं नाही.

पुढचे साडेचार तास ती पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. बंद पडलेला विभाग एकदम उभा करता येत नाही. वेशीवरच्या एका गावाला वीज द्यायची, ती टिकली की पुढच्या गावाला. तसं करत आधी रुग्णालयांपर्यंत पोचायचं होतं. पाच वाजता फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. भाऊ आलेत म्हणाला.

शिवतेज फाटकाशेजारच्या बाकावर बसला होता. कपाळाला रुमाल बांधलेला, सदऱ्यावर रक्ताचे डाग.

“कुणी मारलं?”

“आपल्याच माणसांनी. टप्पेवाल्यांनी विकत घेतलं म्हणाले मला.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “पूर्वेला काय झालं?”

“मी तोडलं.”

“कोलंबोनं आपल्याला तोडलं होतं, तसं?”

“तसंच.”

पायाशी मुंग्यांची रांग चालली होती.

“किती माणसं गेली?”

“अजून कळत नाही. फोन यायला लागलेत.”

“मी अकरा चाळीसला सांगितलं. मांडवात उभा राहिलो तोवर सांगायचं नाही असंच ठरवलं होतं.” त्यानं रुमाल चाचपला. “तू आलीस त्याच दिवशी सांगितलं असतं, बाकीच्यांनाही करायला लावलं असतं, तर पूर्व वाचली असती?”

नाही म्हणणं सोपं होतं. त्याला तेवढंच हवं होतं, आणि त्याच्या डोक्यातून रक्त येत होतं.

“कदाचित वाचली असती,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. इमारतीच्या दारातून मुजावरांनी हाक मारली. पुढच्या जिल्ह्यातलं रुग्णालय जोडायची वेळ झाली होती.

“मी थांबू इथं?” शिवतेजनं विचारलं.

“थांब. वेळ लागेल मला. आणि कपाळाला टाके लागतील, पहारेकऱ्याला सांग, डॉक्टरला बोलावेल.”

ती वळली. मागं त्याचा फोन वाजला, वाजत राहिला, आणि मग त्यानं तो उचलला.

“हो, मीच सांगितलं बंद करायला. ताईनं नाही, मी. थांब, शिव्या नंतर दे. मला सांगायला उशीर झाला, ते आधी ऐकून घे.”